शिकेन, शिकशील, शिकेल : स्पॅनिश भाषेतील नियमित क्रियापदाचा भविष्यकाळ

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत पाली भाषेवरील लेख असणे वाचकांना स्वाभाविक वाटेल. स्पॅनिश व्याकरणाचा पाठ मात्र काहींना अनपेक्षित वाटण्याची शक्यता आहे. तो येथे देण्यामागे आमची दोन कारणे आहेत. स्पॅनिश ही स्पेनखेरीज मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या बहुतेक देशांची भाषा आहे. एकूण २० देशांचा राज्यकारभार तीत चालतो आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक आहे. उच्च शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना तिची गरज पडू लागली आहे. हे झाले व्यवहाराचे कारण.

दुसरे कारण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षरांना मज्जाव होता, त्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्याला व्याकरण ही परक्याच्या मालकीची वास्तू वाटते. नियम दुसऱ्याने केलेले, ते चुकले की हसणारेही दुसरेच, अशी त्याची समजूत असते. ही भीती उपदेशाने जात नाही. एखादा नियम पूर्णपणे, अपवादांसह, स्वतःच्या हाती आला म्हणजे ती जाते. स्पॅनिश भाषेचा भविष्यकाळ यासाठी अतिशय उपयुक्त आहे. कारण सहा प्रत्यय पाठ झाले की हा संपूर्ण काळ एका बैठकीत आत्मसात होतो. शिवाय या सहा प्रत्ययांपैकी पहिल्या प्रत्ययात एक विचार दडलेला आहे. तो बौद्ध वाचकाच्या परिचयाचा आहे. त्याकडे आपण पाठाच्या अखेरीस येऊ.

मूळ रूप

मराठीत क्रियापदाचे मूळ रूप ‘-णे’ या प्रत्ययाने ओळखू येते : शिकणे, बोलणे, राहणे. स्पॅनिशमध्ये असे तीन शेवट आहेत : ‘-आर’, ‘-एर’ आणि ‘-इर’. त्यांनुसार क्रियापदांचे तीन गण पडतात. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, ‘आप्रेंदेर’ म्हणजे शिकणे, ‘बिबिर’ म्हणजे राहणे किंवा जगणे. कोणतेही स्पॅनिश क्रियापद या तीनपैकी एका गणात बसते.

वर्तमानकाळाची रूपे करताना विद्यार्थ्याला हे शेवट काढून टाकावे लागतात आणि प्रत्येक गणासाठी निराळे प्रत्यय लावावे लागतात. भविष्यकाळात यातले काहीच करावे लागत नाही. मूळ रूप जसेच्या तसे ठेवायचे आणि त्याच्या पुढे प्रत्यय जोडायचा. प्रत्यय तिन्ही गणांसाठी एकच. मराठीशी तुलना केली तर ही सोय ध्यानात येते. प्रमाण मराठीत सकर्मक ‘करणे’चे ‘करीन’ होते आणि अकर्मक ‘बसणे’चे ‘बसेन’. लिहिताना आपणही क्षणभर थबकतो. स्पॅनिश विद्यार्थ्याला असे थांबावे लागत नाही.

उच्चारासंबंधी दोन सूचना येथेच देतो. स्पॅनिशमधील त आणि द हे दंत्य आहेत, म्हणजे आपल्या त-द सारखेच. इंग्रजीच्या सवयीने त्यांचे ट-ड करू नयेत. तसेच ज्या अक्षराचा इंग्रजीत ‘ह’ होतो, ते अक्षर स्पॅनिशमध्ये लिहिले जाते पण उच्चारले जात नाही. म्हणून ‘आब्लार’च्या आरंभी कागदावर एक मुके अक्षर असते. हे मुके अक्षर पुढे उपयोगी पडणार आहे.

सहा प्रत्यय

प्रत्यय असे : ए, आस, आ, एमोस, एइस, आन. ‘आप्रेंदेर’ला ते लावून पाहू.

यो आप्रेंदेरे — मी शिकेन
तू आप्रेंदेरास — तू शिकशील
एल / एया आप्रेंदेरा — तो / ती शिकेल
उस्तेद आप्रेंदेरा — आपण शिकाल (एका व्यक्तीस आदराने)
नोसोत्रोस आप्रेंदेरेमोस — आम्ही शिकू, आपण शिकू
बोसोत्रोस आप्रेंदेरेइस — तुम्ही शिकाल (अनेकांना, स्पेनमध्ये)
एयोस / एयास आप्रेंदेरान — ते / त्या शिकतील
उस्तेदेस आप्रेंदेरान — आपण सर्व शिकाल

आता ‘आप्रेंदेर’च्या जागी ‘आब्लार’ ठेवा : आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. ‘बिबिर’ ठेवा : बिबिरे, बिबिरास, बिबिरा, बिबिरेमोस, बिबिरेइस, बिबिरान. एका क्रियापदाची सहा रूपे ज्याला आली, त्याला शेकडो क्रियापदांची रूपे आली.

या तक्त्यात मराठी वाचकाने चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, ‘तू’ हे सर्वनाम दोन्ही भाषांत एकच आहे. हा योगायोग नव्हे; लॅटिन आणि संस्कृत या एकाच मोठ्या भाषाकुलातील भगिनी असल्याची ती खूण आहे.

दुसरी, आदरार्थी ‘उस्तेद’ला तृतीय पुरुषाचे रूप लागते. ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनापासून हा शब्द झाला. समोरच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला ‘गुरुजी कधी येतील?’ असे तिसऱ्या पुरुषात विचारण्याची रीत आपल्याकडेही आहे. लॅटिन अमेरिकेत ‘बोसोत्रोस’ वापरात नाही. तेथे मित्र असोत वा मान्यवर, अनेकांना उद्देशून ‘उस्तेदेस’च म्हणतात. त्यामुळे तिकडे जाणाऱ्यास प्रत्यक्ष संभाषणात पाचच प्रत्यय पुरतात.

तिसरी, मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा सूक्ष्म भेद स्पॅनिशमध्ये नाही. ऐकणाऱ्याला वगळून म्हटलेले ‘आम्ही शिकू’ आणि त्याला सोबत घेऊन म्हटलेले ‘आपण शिकू’ या दोहोंसाठी ‘आप्रेंदेरेमोस’ हे एकच रूप आहे. अर्थ संदर्भाने घ्यावा लागतो.

चौथी गोष्ट लिंगाची. मराठी वर्तमानकाळात ‘तो शिकतो’, ‘ती शिकते’ असा भेद होतो. भविष्यकाळात मात्र ‘तो शिकेल’, ‘ती शिकेल’ असे एकच रूप राहते. स्पॅनिश क्रियापदात असा लिंगभेद कोणत्याच काळात नसतो. मुलाच्या आणि मुलीच्या शिक्षणासाठी भविष्यकाळाचे रूप एकच असावे, ही व्याकरणाची व्यवस्था आम्हांस फार आवडते.

प्रत्ययावरून कर्ता स्पष्ट होत असल्यामुळे बोलताना सर्वनाम बहुधा गाळतात. ‘यो आप्रेंदेरे’ असे न म्हणता नुसते ‘आप्रेंदेरे’ म्हणतात. ‘यो’ उच्चारले तर ‘मी तरी शिकेनच’ असा जोर येतो. मराठीतही ‘येईन उद्या’ असे आपण ‘मी’ गाळून म्हणतोच.

आघाताचे महत्त्व

भविष्यकाळाच्या सर्व रूपांत आघात प्रत्ययावर पडतो, मूळ रूपावर नव्हे. सहापैकी पाच रूपांत प्रत्ययातील स्वरावर एक लहान तिरपी रेघ काढतात. फक्त ‘-एमोस’वर ती नसते; कारण त्या शब्दात आघात उपान्त्य अक्षरावर येतो आणि ‘स’ने संपणाऱ्या शब्दात तो तेथेच येणे हा भाषेचा सामान्य नियम आहे.

ही रेघ शोभेची नाही. ‘आब्लारा’ या शब्दात शेवटच्या ‘रा’वर आघात दिला तर अर्थ ‘तो बोलेल’ असा होतो. तोच आघात मधल्या ‘ब्ला’वर दिला तर ‘तो बोलला असता तर’ या अर्थाकडे झुकणारे संकेताचे रूप तयार होते. एकाच शब्दात एका जागी निश्चय आणि दुसऱ्या जागी हुरहुर. म्हणून आरंभापासूनच मोठ्याने वाचावे व प्रत्यय ठसठशीत उच्चारावा.

याच आघातामुळे आणखी एक सोय झाली आहे. वर्तमानकाळात अनेक क्रियापदांचा मूळ स्वर बदलतो. ‘मेंतिर’ म्हणजे खोटे बोलणे. त्याचे ‘मी खोटे बोलतो’ हे रूप ‘मियेंतो’ असे होते. ‘दोर्मिर’ म्हणजे झोपणे. त्याचे ‘दुएर्मो’ होते. हा बदल त्या स्वरावर आघात असेल तरच घडतो. भविष्यकाळात आघात प्रत्ययावर सरकत असल्याने मूळ स्वर जागचा हलत नाही. ‘मेंतिरे’, ‘दोर्मिरे’ ही रूपे पूर्णपणे नियमित आहेत. वर्तमानात त्रास देणारे क्रियापद भविष्यात सरळ वागते.

हे प्रत्यय आले कोठून?

प्राचीन लॅटिनमध्ये भविष्यकाळ निराळा होता. ‘मी गाईन’ यासाठी ‘कांताबो’ म्हणत. पुढे लोकांच्या बोलण्यात स्वरांमधील ‘ब’ आणि ‘व’ यांचे उच्चार जवळ आले आणि ‘तो गाईल’ व ‘तो गायला’ ही रूपे कानाला जवळजवळ सारखी ऐकू येऊ लागली. भविष्य आणि भूत यांतील फरक पुसट होणे भाषेला परवडत नाही. म्हणून लोकांनी दुसरी रचना पुढे आणली : ‘कांतारे हाबेओ’. तिचा मूळ अर्थ ‘मला गायचे आहे’, म्हणजे गाण्याचे काम माझ्याकडे आहे, असा होतो.

या ‘हाबेओ’पासून स्पॅनिशमध्ये ‘आबेर’ हे सहायक क्रियापद झाले. त्याची वर्तमानकाळाची रूपे पाहावीत : ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. ‘आबेइस’चे पुढचे ‘आब’ झडले की भविष्यकाळाचे सहाही प्रत्यय आपल्यासमोर उभे राहतात. ही सहायक रूपे वर सांगितलेल्या मुक्या अक्षराने लिहिली जातात. ते अक्षर उच्चारात नसल्याने जोडताना अडथळा आला नाही आणि लेखनातूनही ते गळाले. ‘आप्रेंदेर’ अधिक ‘ए’, म्हणजे ‘मला शिकायचे आहे’, याचे ‘आप्रेंदेरे’ म्हणजे ‘मी शिकेन’ झाले. जुन्या कास्तिली भाषेत हे दोन तुकडे अजून सुटे होते आणि त्यांच्यामध्ये सर्वनामही बसे. ‘तुला देईन’ या अर्थी ‘दार ते ए’ अशी रचना त्या काळच्या ग्रंथांत आढळते. आंतोनियो दे नेब्रिहा यांनी कास्तिली भाषेचे व्याकरण १४९२ साली प्रसिद्ध केले, त्या काळापर्यंत हा सांधा पूर्णपणे झाकला गेला नव्हता.

विद्यार्थ्यांनी या इतिहासातून एवढेच ध्यानात ठेवावे की स्पॅनिश भविष्यकाळाचा जन्म कर्तव्यातून झाला आहे. ‘करायचे आहे’ यातून ‘करीन’ निघाले. पुढे काय घडणार याचे भाकीत हा त्याचा पहिला अर्थ नव्हता. आपल्याकडे सोपवलेले काम हा होता.

उपयोग

आता या रूपाचे चार मुख्य उपयोग सांगतो.

पहिला, पुढे घडणारी गोष्ट सांगणे. ‘मान्याना एस्क्रिबिरे उना कार्ता’ म्हणजे ‘उद्या मी एक पत्र लिहीन’.

दुसरा, वचन देणे. ‘नो मेंतिरे’ म्हणजे ‘मी खोटे बोलणार नाही’. येथे मराठी आणि स्पॅनिश यांच्यातील महत्त्वाचा भेद दिसतो. मराठीत होकारार्थी ‘करीन’ असते, परंतु नकार करताना ‘करीन नाही’ असे म्हणता येत नाही. रूप बदलून ‘करणार नाही’ म्हणावे लागते. स्पॅनिशमध्ये रूप बदलत नाही. त्याच रूपाआधी ‘नो’ ठेवले की नकार होतो : ‘मेंतिरे’, ‘नो मेंतिरे’.

तिसरा, चालू क्षणाविषयी तर्क करणे. ‘सेरान लास ओचो’ याचा शब्दशः अर्थ ‘आठ होतील’. परंतु भाव ‘आठ वाजले असतील’ असा आहे. ‘एस्तारा दुर्मियेंदो’ म्हणजे ‘तो आत्ता झोपला असेल’. इंग्रजीच्या मार्गाने स्पॅनिश शिकणाऱ्यांना हा उपयोग अवघड जातो; मराठी भाषकाला तो आपलाच वाटतो. मूल वसतिगृहात आणि आई गावी, अशा प्रत्येक घरात रात्री ‘आता अभ्यास करत असेल’ हे वाक्य उच्चारले जाते. घडत असलेली, पण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट सांगताना मराठी आई आणि स्पॅनिश आई दोघीही भविष्यकाळच वापरतात. स्पॅनिश आई म्हणेल : ‘एस्तारा एस्तुदियांदो’.

चौथा, आज्ञा करणे. याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

कोठे वापरू नये

दोन ठिकाणी हे रूप टाळावे. ‘जर’ या अर्थाच्या ‘सी’ या शब्दानंतर भविष्यकाळ येत नाही. तेथे वर्तमानकाळ येतो आणि भविष्यकाळ दुसऱ्या वाक्यखंडात येतो. ‘सी एस्तुदियास, आप्रेंदेरास’ म्हणजे ‘अभ्यास केलास तर शिकशील’. मराठीत ‘अभ्यास करशील तर शिकशील’ असेही चालते, म्हणून आपल्या विद्यार्थ्यांकडून येथे हमखास चूक होते. तसेच, पुढे घडावयाच्या गोष्टीविषयी ‘जेव्हा’ या अर्थाचा ‘क्वांदो’ आला तर त्याच्यामागेही भविष्यकाळ नसतो. तेथे इच्छा-संभावना दाखविणारे निराळे रूप येते. ‘क्वांदो तेर्मिने ला एस्कुएला, त्राबाहारे’, म्हणजे ‘शाळा संपेल तेव्हा मी काम करीन’. यातील ‘तेर्मिने’ हे भविष्यकाळाचे रूप नव्हे.

रोजच्या बोलण्यात, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, ठरलेल्या कामासाठी आणखी एक रचना वापरतात : ‘बोय आ आप्रेंदेर’. तिचा शब्दशः अर्थ ‘शिकायला जातो’. परंतु उपयोग आपल्या ‘शिकणार आहे’ यासारखा आहे. ‘शिकणार आहे’ यात योजना असते, ‘शिकेन’ यात शब्द दिलेला असतो. हा मराठी भेद मनात ठेवला तर दोन्ही स्पॅनिश रचना पुष्कळदा आपोआप योग्य जागी पडतात.

बारा अपवाद

ज्यांचे मूळ रूप भविष्यकाळात बदलते अशी प्रमुख क्रियापदे बाराच आहेत. त्यांचेही प्रत्यय मात्र तेच राहतात. प्रथमपुरुषी एकवचने देतो. बाकीची वाचकांनी स्वतः करावीत.

स्वर गळणारी : पोदेर (शकणे) — पोद्रे, साबेर (जाणणे) — साब्रे, केरेर (इच्छिणे) — केर्रे, आबेर (सहायक) — आब्रे, काबेर (मावणे) — काब्रे.

स्वराच्या जागी ‘द’ येणारी : तेनेर (जवळ असणे) — तेंद्रे, पोनेर (ठेवणे) — पोंद्रे, बेनिर (येणे) — बेंद्रे, सालिर (बाहेर पडणे) — साल्द्रे, बालेर (मोल असणे) — बाल्द्रे.

आखूड होणारी : आसेर (करणे) — आरे, देसिर (सांगणे) — दिरे.

ही सारी नित्य वापराची क्रियापदे आहेत. फार हाताळलेले नाणे झिजते, तशी ती झिजली. याउलट वर्तमानकाळात ओळखूही न येणारी ‘सेर’ (असणे) आणि ‘इर’ (जाणे) ही क्रियापदे येथे अगदी नियमित आहेत : सेरे, इरे.

आज्ञा आणि शील

आता चौथ्या उपयोगाकडे वळू. ख्रिस्ती परंपरेतील दहा आज्ञांपैकी निषेधाच्या आज्ञा स्पॅनिशमध्ये सांगताना द्वितीय पुरुषाचा भविष्यकाळ वापरतात. ‘मातार’ म्हणजे ठार मारणे. ‘नो’ शब्दानंतर ‘मातारास’ हे रूप आले की त्याचा अर्थ ‘तू हत्या करणार नाहीस’ एवढाच राहत नाही, तर ‘हत्या करू नकोस’ अशी ती आज्ञा होते. सांगणारा वर आहे, ऐकणारा समोर आहे. प्रत्यय ‘आस’ आहे.

पंचशील आपण ज्या शब्दांत घेतो, त्यांची व्याकरणिक घडण निराळी आहे. तेथील क्रियापद ‘समादियामि’ हे प्रथम पुरुषात आहे : मी ग्रहण करतो. कोणी ‘तू करू नकोस’ असे बजावत नाही. घेणारा स्वतःच्या तोंडाने घेतो. पाली वाङ्मयात भविष्यकाळाचे प्रथमपुरुषी रूप याच कामासाठी येते. पालीत ‘सिक्खति’ म्हणजे शिकतो. त्याची भविष्यकाळाची रूपे सिक्खिस्सामि, सिक्खिस्ससि, सिक्खिस्सति, सिक्खिस्साम, सिक्खिस्सथ, सिक्खिस्सन्ति अशी होतात. येथेही प्रत्यय सहा आणि पहिला ‘मी’चा. विनयातील ७५ सेखिय नियम, म्हणजे भिक्षूंच्या शिस्तीचे नियम, ‘मी असे करीन’ किंवा ‘मी असे करणार नाही’ या स्वरूपात सांगितले आहेत. जेवताना मचमच आवाज न करण्याचा आणि भुरके न मारण्याचा नियमही त्यांत आहे, आणि तेथील क्रियापद ‘भुञ्जिस्सामि’ असे प्रथमपुरुषी भविष्यकाळाचे आहे. वसतिगृहाच्या भोजनगृहात बसलेल्या प्रत्येक पिढीला हा नियम लागू पडतो. स्पॅनिशमध्ये ‘कोमेर’ म्हणजे खाणे. तोच नियम ‘कोमेरे’ या रूपाने सांगता येईल.

आनापानसति सुत्तातही व्याकरणाचे हे वळण पाहण्यासारखे आहे. साधनेच्या १६ पायऱ्यांपैकी पहिल्या दोन पायऱ्यांत श्वास जसा आहे तसा जाणायचा असतो. तेथे ‘अस्ससामि’ असा वर्तमानकाळ आहे. तिसऱ्या पायरीपासून ‘सिक्खति’, म्हणजे शिकतो, हा शब्द येतो आणि त्याबरोबर श्वासाचे क्रियापद बदलून ‘अस्ससिस्सामि’ असे भविष्यकाळी होते. जाणणे वर्तमानात, शिकणे भविष्यात. आनापान करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे दोन शब्द एकदा शेजारी लिहून पाहावेत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांच्या मराठी पाठात बहुतेक सोडण्याच्या गोष्टी ‘करणार नाही’, ‘मानणार नाही’ अशा रूपांत आहेत आणि अनेक अंगीकारण्याच्या गोष्टी ‘करीन’ अशा रूपात आहेत. मराठीत नकाराचे आणि होकाराचे रूप निराळे का, हे आपण वर पाहिले. कर्ता मात्र दोहोंत एकच आहे : मी. त्यांपैकी चोरी, असत्य आणि मद्य यांविषयीच्या प्रतिज्ञा स्पॅनिशमध्ये नेल्या तर ‘नो रोबारे’, ‘नो मेंतिरे’, ‘नो बेबेरे आल्कोओल’ अशी वाक्ये होतात. तिन्ही क्रियापदे नियमित, तिन्ही गणांतील एकेक, आणि तिन्हींच्या शेवटी तोच ‘ए’. ‘रोबारास’ म्हटले की ती आज्ञा होते. ‘रोबारे’ म्हटले की प्रतिज्ञा होते. दोन्ही परंपरांचा हेतू मनुष्याने चोरी करू नये हाच आहे. फरक आहे तो जबाबदारी कोणाच्या तोंडून उच्चारली जाते याचा, आणि व्याकरण तो फरक एका प्रत्ययात सांगते.

हा फरक आमच्या दृष्टीने केवळ भाषेचा नाही. पालकांच्या बोलण्यात मुलाचे भविष्य तृतीय पुरुषात असते : ‘शिकेल’, ‘नाव काढील’, ‘होईल काहीतरी’. शिक्षकांच्या बोलण्यात ते द्वितीय पुरुषात असते : ‘अभ्यास केलास तर पास होशील’. हे दोन्ही प्रेमापोटी असते. तरीही विद्यार्थ्याने स्वतः ‘शिकेन’ म्हणेपर्यंत त्या वाक्यांना आधार नसतो. निवासी शाळेचे निम्मे काम हेच आहे की आलेल्या मुलाला ‘आ’ आणि ‘आस’ यांपासून ‘ए’पर्यंत आणावे.

त्यानंतरचे पाऊल ‘एमोस’चे. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतील शिकणे, संघटित होणे आणि संघर्ष करणे ही तीन क्रियापदे आपल्याकडे आज्ञार्थात प्रसिद्ध आहेत. आज्ञेला उत्तर द्यावयाचे झाल्यास ते भविष्यकाळाच्या प्रथमपुरुषी अनेकवचनातच द्यावे लागेल. स्पॅनिशमध्ये ते असे होईल : आप्रेंदेरेमोस, नोस ओर्गानिसारेमोस, लुचारेमोस. यांपैकी मधल्या क्रियापदातील ‘नोस’ म्हणजे ‘स्वतःला’; आम्ही स्वतःला संघटित करू, असा त्याचा अर्थ आहे.

स्वाध्याय

पुढील वाक्ये स्पॅनिशमध्ये सांगा. उत्तरे खाली दिली आहेत. ती आधी झाकून ठेवावीत. घरातील लहानथोरांनी मिळून हा स्वाध्याय केल्यास अधिक उत्तम.

१. मी स्पॅनिश शिकेन.
२. तू उद्या एक पत्र लिहिशील. (लिहिणे — एस्क्रिबिर)
३. ती पुण्यात राहील.
४. आम्ही खोटे बोलणार नाही.
५. आई आत्ता काम करत असेल. (काम करणे — त्राबाहार)
६. अभ्यास केलात तर आपण सर्व शिकाल. (लॅटिन अमेरिकेतील पद्धतीने)

उत्तरे : १. आप्रेंदेरे एस्पान्योल. २. मान्याना एस्क्रिबिरास उना कार्ता. ३. एया बिबिरा एन पुणे. ४. नो मेंतिरेमोस. ५. मामा एस्तारा त्राबाहांदो. ६. सी एस्तुदियान, आप्रेंदेरान.

सातवे वाक्य आम्ही दिलेले नाही. ते वाचकाने स्वतः रचावे, प्रथम पुरुषात रचावे, आणि शेवटच्या ‘ए’वर आघात देऊन मोठ्याने म्हणावे. त्याचे उत्तर या स्मरणिकेत छापता येणार नाही. ते ज्याचे त्याने तपासावे.